अंगठी राहू दे, घराचं बोल

कुणाला पुस्तक सुचवणं हे स्थळ सुचवण्याइतकंच जोखमीचं. जमलं तर पत्रिका चांगल्या होत्या, फिसकटलं की मध्यस्थाच्या नावानं शिमगा. त्यातून समोरचा माणूस मालवणी आणि पुस्तक फँटसी, म्हणजे बघायलाच नको.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ट्रॉलर ताडपत्रीखाली आणि त्याचा मालक माझ्या पडवीत. गावात याला सगळे तांडेल म्हणतात. ट्रॉलर घेण्याआधी तो परदेशी जहाजांवर होता, त्यामुळे इंग्रजी सराईत वाचतो. जाळी शिवून झालेली, लाईट गेलेली, मोबाईल मेलेला.

"माका कायतरी वाचूक दी," तांडेल म्हणाला. "पण खोटा होया. खरा मी पेपरात वाचतंय."

खोटं हवं म्हटल्यावर मला उकळ्याच फुटल्या. माझं अर्धं कपाट त्याच मालानं भरलंय. सुरुवात हसतखेळत करावी म्हणून टेरी प्रॅचेटचं 'डिस्कवर्ल्ड' काढलं. १९८३ पासूनच्या ४१ कादंबऱ्या. त्यातलं जग चपटं असतं, ते चार हत्तींच्या पाठीवर असतं, हत्ती एका अजस्र कासवावर उभे असतात आणि कासव अवकाशातून पोहत असतं.

"चार हत्ती आणि गप उभे?" तांडेल म्हणाला. "दोडामार्गात येऊन बघ म्हणा त्येका. एका रातीत बाग साफ करतत." मग जरा विचारात पडला. "आणि ह्या कासव जाळ्यात इला तर? सोडूक जाळा कापूचा लागतला. सरकार जास्तीत जास्त पंचवीस हजार देता. तेवढ्यात जाळा येता?"

जॉर्ज मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'चे जाडजूड खंड त्यानं नुसते हातात तोलून बघितले. पहिला १९९६चा, पाचवा २०११चा, सहाव्याची जग अजून वाट बघतंय असं मी सांगितलं. "म्हणजे आमच्या वाटपाच्या दाव्यासारखा. घरात एक चालू हा, तो पुरे," म्हणून त्यानं ते परत ठेवले.

अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'वर माझी भिस्त होती. १९६८चं पुस्तक, सगळी बेटंच बेटं, होड्या, आणि शिडात मंत्रानं वारा भरणारा जादूगार. दर्याचा माणूस विरघळणारच! तांडेलनं डिझेलचा हिशेब काढला. पण एका ठिकाणी मात्र तो थबकला. जादूगाराचा गुरुजी बजावतो, की इथे पाऊस पाडशील तर तिकडे दुसऱ्या बेटावर दुष्काळ पडेल. "ह्या बरोबर," तांडेल म्हणाला. "फुकट काय नसता." एवढ्या एका वाक्यावर त्यानं पुस्तक पास केलं आणि मिटून ठेवलं.

गोम अशी, की या माणसाला चमत्काराचं काडीचं अप्रूप नाही. त्याच्या बागेला न दिसणारा राखणदार आहे, त्याला वर्षाचा कोंबडा ठरलेला आहे, गाऱ्हाणं घातलं की हरवलेली गाय परत येते. म्हणून टोलकीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गँडाल्फ या जादूगाराची ओळख करून दिल्यावर त्यानं पहिला प्रश्न विचारला, "ह्येका वर्षाक काय द्यावचा लागता?"

"काही नाही."

"मगे करता कित्याक?"

तरी हा ग्रंथ त्याला लागला, आणि तोही भलत्याच ठिकाणी. म्हातारा बिल्बो १११व्या वाढदिवशी अंगठी आणि घर दत्तक घेतलेल्या फ्रोडोच्या नावे करून निघून जातो. दुसऱ्याच दिवशी सॅकव्हिल-बॅगिन्स हे भाऊबंद दारात हजर. मृत्युपत्र दाखवा! ते पाहतात तर चोख, रिवाजाप्रमाणे सात साक्षीदारांच्या लाल शाईतल्या सह्या. भाऊबंदांची तोंडं काळी. तांडेलनं ते पान मला तीनदा वाचून दाखवलं.

"ह्या दाव्याचे जुने कागद आसत काय?"

होते. याच्या आधीची गोष्ट, १९३७चं 'हॉबिट' दिलं. ड्रॅगनचा निकाल लागल्यावर बिल्बो घरी येतो, तर तो मेलाय असं ठरवून घरात लिलाव चाललेला, आणि हेच भाऊबंद आपलं फर्निचर मावतंय का म्हणून खोल्या मोजतायत. चांदीचे चमचे गेले ते कायमचे. ड्रॅगनची पानं यानं भराभर उलटली होती, चमच्यांपाशी मात्र हळहळला. त्याच्या आजीचा तांब्या असाच गेलाय. कुणाकडे आहे ते अख्ख्या वाडीला माहीत आहे.

मग मुख्य कथेत फ्रोडो प्रवासाला निघताना घर विकतो, तेही त्याच भाऊबंदांना. त्या संध्याकाळी तांडेल छत्रीशिवाय माझ्याकडे आला. "मेल्यान घर इकला! तेंकाच इकला!" अंगठी नष्ट करायची आहे, जगावर संकट आहे, असं मी समजावू लागलो. "अंगठी राहू दे. घराचा बोल."

युद्ध, ज्वालामुखी, राज्याभिषेक, सगळं ओलांडून तो तिसऱ्या खंडाच्या शेवटाशी पोचला. तिथे लोबेलिया सॅकव्हिल-बॅगिन्स आपण होऊन घर फ्रोडोला परत देते. तांडेलनं पुस्तक पालथं ठेवलं आणि बराच वेळ हसला. झाडं चालली, भुतं लढली, त्याची तक्रार नव्हती. "पण भावबंदान घर परत दिल्यान? ह्या मात्र खोटा हा!"

ऑगस्टात बोटी सुटल्या. पहिल्या फेरीचा पैसा हातात येताच तांडेल मृत्युपत्र करायला वकिलाकडे गेला आणि मलाही नेलं. वकील म्हणाले, १९२५च्या कायद्याप्रमाणे दोन साक्षीदार पुरेत. तांडेल म्हणाला, "आमचे भावबंद तुमका ठावक नाय, साहेब," आणि खिशातून लाल पेन काढलं. बाहेरच्या बाकावर पाच खलाशी बसवलेलेच होते.

इतक्या साक्षीदारांचं कारण कळावं म्हणून त्यानं वकिलांना 'हॉबिट'ही दाखवलं. ते माझी प्रत 'जरा चाळतो' म्हणून घेऊन गेले. आठवड्यानं बाजारात भेटले तेव्हा कोलंबीचा भाव करता करता मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "त्या चमच्यांची फिर्याद कुणी दिलीच नाही का हो?"