‘थेरपीत धर्म कशाला?’ या फॉरवर्डला उत्तर

मुस्लिम वस्तीवर किंवा मशिदीवर हल्ला झाला, दंगल झाली की काही दिवसांत एक मजकूर फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: किशोरवयीन मुलांसाठी श्रद्धेची दखल घेणारी गटथेरपी म्हणजे उपचाराच्या आडून धर्मप्रचार, मुलांना एकत्र बसवून बोलतं केलं की राग भडकतो, मुलं आपोआप विसरतात, आणि ज्याचं ईमान पक्कं, त्याला समुपदेशक लागतच नाही. पहिला मुद्दा बहुधा बाहेरचे पुढे पाठवतात, शेवटचा घरातलेच. मधल्या मधे भरडलं जातं ते रात्रभर जागं राहणारं पोर.

आधी धर्मप्रचाराचं बघू. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) नमाजाच्या वेळी दोन मशिदींत गोळीबार झाला, ५१ माणसं मारली गेली. जानेवारी २०१७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेक शहरातल्या मशिदीत सहा जण मारले गेले. अशा प्रसंगानंतर एखादा मुलगा मशिदीत जाणं टाळतो. गेलाच तर दाराकडे कान लावून उभा राहतो. सजद्यात कपाळ टेकलं की त्याच्या छातीत धडधडतं, कारण तेवढा वेळ पाठीमागचं काही दिसत नाही. धर्माचा विषयच काढायचा नाही असं ठरवून बसलेला थेरपिस्ट या मुलाशी काय बोलणार? आघाताची आठवण देणारी जागा टाळणं हे आघातानंतरच्या त्रासाच्या मुख्य लक्षणांपैकी एक, आणि इथे ती जागा मशीदच आहे.

दुसरी एखादी मुलगी मनाशी धरून बसते, ‘त्या दिवशी मी फज्र (पहाटेची नमाज) चुकवली म्हणून हे झालं.’ केनेथ पारगामेंट या मानसशास्त्रज्ञाने धर्म आणि ताण यांच्या नात्यावर दीर्घकाळ काम केलं. देव आपल्याला शिक्षा करतोय, त्याने आपल्याला सोडलंय, असं वाटणाऱ्यांचा त्रास जास्त असतो, हे अशा संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून हा विचार गटात उघडपणे बोलता यायला हवा. तिथे समुपदेशक फतवा देत नाही, कोण किती नमाज पढतो ते मोजत नाही. ‘अल्लाहने हे होऊच कसं दिलं?’ असं कुणी विचारलं तर त्याला गप्प करणं ही घोडचूक ठरेल. बाकी दखल साधीच असते: मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) वेळेला सत्र नको, रोजे असतील तर वेळ बदलायची, मुलींना हवा असेल तर त्यांचा वेगळा गट आणि बाई समुपदेशक.

राग भडकण्याच्या भीतीत थोडं तथ्य आहे. घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून एकाच बैठकीत सारं ओकायला लावू नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण आखीव गटथेरपी तसं करत नाही. शाळांमधल्या एका प्रसिद्ध कार्यक्रमात गटाची दहा सत्रं असतात आणि घटनेचा तपशील मुलं एकेकट्या भेटीत सांगतात. गटात शिकायचं ते श्वास सावरणं, झोप, भीतीचे विचार तपासणं.

‘विसरतील’ हे बऱ्याच मुलांबाबत खरंही ठरतं. महिना उलटूनही जी दचकून उठतात, शाळा टाळतात, त्यांचं काय?

आता ईमान. हजरत याकूब यांचे डोळे मुलगा यूसुफच्या विरहाच्या दुःखाने पांढरे पडले, हे कुरआनातच आहे. मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पैगंबर रडले. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही हदीस तर घराघरांत सांगितली जाते. नवव्या-दहाव्या शतकातल्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीराच्या आरोग्यासोबत मनाच्या आरोग्यावरही लिहिलं. भीती, दुःख, राग यांना त्यांनी वेगवेगळं हाताळलं. ज्या परंपरेत हे सगळं आहे, तिच्या नावाने पोराला ‘रडतोस काय, ईमान कच्चं आहे तुझं’ असं सुनावणं मला निव्वळ क्रूर वाटतं.

सिएटलमधल्या सोमाली समाजासोबत तयार झालेल्या एका उपक्रमात सहा सत्रं मशिदीत होतात. समाजातलेच प्रशिक्षित लोक ती घेतात, पैगंबरांच्या कथांवरून बोलणं सुरू होतं आणि आघाताची आठवण दुआमध्ये अल्लाहपुढे मांडली जाते. तो प्रौढांसाठी आहे. किशोरांसाठी तो जसाच्या तसा उचलून चालणार नाही. त्यांचं वय, शाळा, आईवडिलांपासून राखायची गोपनीयता, सगळ्याचा वेगळा विचार लागतो. आणि स्वतःला इजा करण्याचं कुणी बोललं, तर गटाच्या पुढच्या सत्राची वाट बघायची नाही. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.