एक ते दहामध्ये किती द्याल म्हणे

सव्वा तास. सव्वा तास मांडीवर थोपटून, 'ओ ओ ओ' करून माझा घसा बसला तेव्हा कुठे कार्टं झोपलं, मी हळूच हात काढून घेतला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. म्हटलं उद्या बारसं आहे, केटररवाला असेल, म्हणून उचलला.

"हॅलो मम्मी, काँग्रॅच्युलेशन्स, दो मिनिट बात कर सकते हैं?"

मम्मी! मी एकतीस वर्षांची बाई आहे, फाइलीवर नाव आहे, मनगटावर पट्टी बांधली होती त्याच्यावर नाव होतं, पण हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर पाय ठेवल्यापासून सगळ्यांची मी मम्मी. मम्मी पाय वर घ्या, मम्मी हलू नका, मम्मी ओरडू नका बाकीचे पेशंट घाबरतात. तेव्हा तर बाळ झालंही नव्हतं!

तर ती माझी डिलिव्हरी झाली त्या हॉस्पिटलसाठी फीडबॅक घेत होती. मी म्हटलं मराठीत बोला, तर लगेच मराठीत, "मॅडम, तुमचा ओव्हरऑल एक्सपिरियन्स एक ते दहामध्ये किती द्याल?"

दहा. त्या आकड्याचं नाव काढू नका माझ्यासमोर. दीड दिवस मी त्या दहासाठी, गर्भपिशवीचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं म्हणून, पडून होते. मी म्हटलं, दोन. ती म्हणाली, "दोन? का मॅडम?" म्हटलं मला पण हेच सांगत होते ना, कधीही विचारा, दोन. बिचारीला कळलं नाही. ती पुढच्या प्रश्नावर गेली, "स्टाफने प्रोसिजर नीट एक्सप्लेन केली का?"

आणि मग माझा जो काही पट्टा सुटला.

चाळीस आठवडे सहा दिवस झाले, कळांचा पत्ता नाही, डॉक्टर मॅडम म्हणाल्या इंड्यूस करू, म्हणजे औषधाने कळा आणू, सकाळी सहाला अॅडमिट व्हा. सहा म्हणजे सहा. वडाळ्याहून टॅक्सीने पावणेसहाला हजर. बेड किती वाजता मिळाला? अकरा. पाच तास त्या स्टीलच्या खुर्चीवर, जिच्यावर नॉर्मल माणूस वीस मिनिटं बसू शकत नाही, मी नऊ महिन्यांचं पोट घेऊन बसले आणि समोर टीव्हीवर आवाज बंद करून बातम्या. मग चिठ्ठी, 'फार्मसीतून जेल आणा', म्हणजे पिशवीचं तोंड मऊ करायचं औषध. नवरा खाली गेला, घेऊन आला, तर सिस्टर म्हणाली हे थंड ठेवायचं असतं, बर्फाच्या पिशवीत आणायचं, कोणी सांगितलं नाही का. कोण सांगणार? तुम्हीच पाठवलंत ना! परत खाली. लिफ्ट फक्त पेशंटसाठी.

एक वाजता जेल लावलं. लावताना "थोडंसं अनकम्फर्टेबल वाटेल". हा 'थोडंसं' शब्द मराठीतून काढून टाकायला हवा. आणि लावल्यावर अर्धा तास उठायचं नाही, सरळ पडून राहायचं. हे आधी सांगितलं असतं तर मी बाथरूमला जाऊन आले असते की नाही? तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, कळा परवडल्या.

बरं, मला वाटलेलं की औषध दिलं की संध्याकाळपर्यंत मोकळी. आईला तर मी सांगून ठेवलेलं रात्री ठाण्याला परत जाशील. पहिलटकरणीला नुसतं पिशवीचं तोंड मऊ व्हायलाच अख्खा दिवस जाऊ शकतो, दुसरं जेल सहा तासांनी, कळा वाढवायची ड्रिप लावायची तरी शेवटच्या जेलनंतर सहा तास थांबून, हे सगळं मला कधी कळलं? रात्री अडीचला, शेजारच्या बेडवरच्या बाईकडून, जिचं दुसरं बाळंतपण होतं. मला वाटत होतं माझ्यातच काहीतरी बिघाड आहे. एवढं एक वाक्य बोलायला काय जात होतं कोणाचं?

आणि रात्री "झोपा आता". पोटाला मशीनचा पट्टा, कूस बदलली की पट्टा सरकतो, बाळाचे ठोके गायब, मशीन किंचाळायला लागतं, माझा जीव गळ्याशी, सिस्टर येऊन बटण दाबून बंद करते आणि जाते. झोपा म्हणे.

सकाळी दोन. दोन सेंटिमीटर! रात्रभर कण्हून दोन. मग पाणमोट फोडली, ड्रिप लावली, दर अर्ध्या तासाने ती वाढवायची, दर वेळी नवीन डॉक्टर, नाव सांगत नाही, थेट ग्लव्हज. दुपारी दोनला "चारच आहे अजून". त्या 'च'वर माझा खरा राग आहे. आता घरी येऊन फीड करता करता मोबाइलवर वाचलं तर जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून म्हणते की अॅक्टिव्ह लेबर, म्हणजे बाळंतपणाचा खरा जोराचा टप्पा, पाच सेंटिमीटरपासून धरा. म्हणजे तोपर्यंत माझी काय रंगीत तालीम चालली होती काय? एपिड्युरल, ते पाठीतून देतात ते कळा बधिर करायचं इंजेक्शन, मागितलं तर भूलवाले डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. संध्याकाळी आले.

आणि पास एकच. आई आत आली की नवरा बाहेर, नवरा आत की आई बाहेर, आणि लेबर रूममध्ये तर दोघंही बाहेर. सरकारी दवाखान्यांना केंद्राने २०१६ मध्येच सांगून ठेवलंय, बाळंतिणीजवळ तिची एक बाई असू द्या, आणि मी एवढे पैसे मोजून सोबतीला कोण तर सीलिंगवरची ट्यूबलाइट. तीही फडफडणारी. पैशांवरून आठवलं, बिलात ग्लव्हजच्या बेचाळीस जोड्या. तपासण्या मी मोजल्यात, नऊ. बाकीचे हात कोणाचे होते?

इथपर्यंत मी एका दमात बोलले. ती मुलगी गप्प. मग अगदी हळू म्हणाली, "मॅडम, माझ्या बहिणीला पण असंच झालेलं. कळव्याला." आणि माझी हवाच गेली. पगार तिला किती असेल, दिवसाला असे किती फोन करत असेल, आणि मी काय तिच्यावर ओरडतेय.

शिवाय खरं सांगायचं तर मी पण काही कमी नव्हते. मी बॅगेत लॅव्हेंडरचं तेल नेलेलं, शांत संगीताची प्लेलिस्ट नेलेली, श्वास कसे घ्यायचे त्याचा कोर्स केलेला पैसे भरून. सहा सेंटिमीटरला नवऱ्याने कॉरिडॉरमध्ये वडापाव खाल्लेला मला वासावरून कळला आणि मी त्याला जे बोलले ते दाराबाहेर सासूबाईंनी ऐकलंय. त्यांनी अजून विषय काढलेला नाही. काढतील, बारसं होऊ दे. डिस्चार्ज कार्डावर मात्र काय, तर 'इंडक्शन अनइव्हेंटफुल', म्हणजे विशेष काही घडलंच नाही.

"जेवण कसं होतं मॅडम?" जेवण चांगलं होतं. डिलिव्हरीनंतर रात्री अकराला मावशींनी गरम शिरा आणून दिलेला, स्वतःच्या हाताने दोन घास भरवले, पाठीवरून हात फिरवला. त्यांना दहा दे, लिही, म्हटलं. त्यांचं नावही मी विचारलं नाही, मावशीच म्हणत राहिले दोन दिवस, मम्मीवरून भांडणारी मी.

तेवढ्यात आत भोंगा सुरू झालाच.

"लास्ट क्वेश्चन मॅडम, नातेवाइकांना आमचं हॉस्पिटल रेकमेंड कराल का?"

मी काहीच बोलले नाही. कारण वहिनीला सातवा लागलाय आणि परवाच मी तिला आमच्या मॅडमचा नंबर पाठवलाय.