हतनूरचे दरवाजे उघडले म्हणजे खान्देश बुडाला असं नाही

दर पावसाळ्यात हेच चाललंय. वर बऱ्हाणपूरकडे आणि पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला की भुसावळजवळच्या तापीवरच्या हतनूर धरणाला पाणी येतं, ४१ पैकी काही दरवाजे उघडतात, तापीत विसर्ग सुरू होतो. धरण चालवायचं म्हणजे हे आलंच. टीव्हीवर मात्र लगेच लाल पट्टी: ‘तापीचं रौद्र रूप, खान्देशात हाहाकार!’ सोबतची क्लिप कुठली, कधीची, कोणी सांगत नाही. मग रात्री सुरतहून मामांचा घाबराघुबरा फोन, "काय चाली राह्यनं रे तिकडे?" आपले किती भाऊबंद तिकडे पोटापाण्याला गेलेले आहेत! त्या माणसांची झोप का उडवायची?

हवामानाच्या बातम्यांचंही तेच. हवामान खातं लिहितं, ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’. म्हणजे जिल्ह्यातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर, आणि तिथंही २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर. बातमीत ‘तुरळक ठिकाणी’ गळून पडतं आणि जळगाव, धुळे, नंदुरबार सरसकट झोडपून निघतात. यलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, एवढंच. तोही रेड असल्यासारखा ओरडून सांगतात. उन्हाळ्यात ॲपवरचा ‘जाणवणारा’ आकडा बिनधास्त भुसावळचं तापमान म्हणून छापतात. खरं तापमान सावलीतल्या पेटीत मोजतात, आणि आपल्याकडे केळीचा विमा महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) हवामान केंद्राच्या नोंदीवर ठरतो. हेडलाइनच्या आकड्यावर शेतकऱ्याला एक रुपया मिळत नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती पेरणीच्या तोंडावर. २०२५ चा मे आठवा. २४ मेला मान्सून केरळात, २६ ला मुंबईत. बातमी खरी होती, नाकारत नाही. पण ‘मान्सून सुसाट’ची जी राळ उडवली, तिच्यात कृषी विभागाचं सांगणं कुणाच्या कानावरच गेलं नाही: घाई करू नका, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या. मेअखेरीस मान्सून अडला तो जूनच्या मध्यापर्यंत. आमच्या शिवारात कोरडवाहू रानात काहींनी कपाशी लावून टाकली होती. उघडीप पडली, वरची माती कडक झाली, कोंब आतल्या आत वळून वाळले. पेरलेली ओळ उकरून पाहिली तर बी फुगून सडलेलं. बियाण्याचं ९०१ रुपयांचं एकेक पाकीट, वर मजुरी, आणि मग पुन्हा उसनवारी करून नांग्या, म्हणजे न उगवलेल्या जागा, भरायच्या. हे नुकसान कोणत्या चॅनेलने भरून दिलं?

आणि खरा धोका येतो तेव्हा काय? मे-जूनच्या वादळात रावेर, यावल, मुक्ताईनगरकडे घडावर आलेल्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या होतात. तेव्हा दोन-चार तास आधीची सूचनासुद्धा मोलाची असते. माणसं झाडाखालून हलतात, गुरं सोडता येतात. पण रोज ‘पुढचे ४८ तास धोक्याचे’ ऐकून ऐकून लोकांनी ऐकणंच सोडलंय.

आपल्या तालुक्यातल्या पत्रकार भावांना हात जोडून विनंती आहे. मंडळनिहाय पावसाचा आकडा रोज तहसीलमध्ये मिळतो, तो छापा. किती दरवाजे, किती क्युसेक, पाणी खालच्या गावांना साधारण कधी पोहोचेल, हे द्या. क्लिपवर ठिकाण आणि तारीख टाका. तारीख माहीत नसेल तर ती क्लिप चालवू नका.