नागरिकत्व ऑप्शनला टाकताना

स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात येऊन सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जागा मिळालेल्या, किंवा मिळेल म्हणून नाव लिहून ठेवलेल्या तमाम तरुण-तरुणींनो, राज्यघटना जरूर पाठ करा. फक्त ती वापरायच्या भानगडीत पडू नका. वापरण्यात वेळ जातो आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे. (ती कायमच तोंडावर आलेली असते.)

74व्या घटनादुरुस्तीपासून सुरुवात करू. नगरपालिका-महापालिकांना घटनेत जागा देणारी. 1992ची, लागू 1 जून 1993पासून, सोबत बारावी अनुसूची, म्हणजे त्यांच्याकडे सोपवायच्या कामांची यादी, विषय 18. सतरावा कोणता? रस्त्यावरचे दिवे, वाहनतळ, बसथांबे, सार्वजनिक सोयी. शाब्बास! आता रात्री अभ्यासिकेतून निघालात की बोळातल्या बंद दिव्याखाली मोबाइलचा टॉर्च लावा आणि सतरावा विषय मनात एकदा घोळवा. तेवढीच उजळणी. महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय कुठे आहे ते मात्र शोधत बसू नका, ते सिलॅबसमध्ये नाही.

नगरसेवकाची मुदत किती, असं विचारलं तर बेधडक ‘पाच वर्षं’वर गोल करा. पुणे महापालिकेची मुदत मार्च 2022मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026ला. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना कोर्टात अडकली होती, तोवर जवळजवळ चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असंही घटनेत लिहिलंय. तेही तुम्हाला तोंडपाठ. त्या चार वर्षांत बरोबर उत्तर ‘पाच वर्षं’च होतं आणि गुणही पूर्ण मिळत होते. मग तक्रार कसली?

मतदार यादीतलं नाव गावीच राहू द्या. फॉर्म 8 भरला की ते राहत्या पत्त्यावर हलवता येतं, पण मग मतदानाच्या दिवशी ‘माझं नाव गावाला आहे’ हे भक्कम कारण हातचं जाईल. नोकरी लागलेल्या मित्रांना कारणाचीही गरज पडत नाही. 13 मे 2024ला पुण्यात लोकसभेचं मतदान होतं आणि वार होता सोमवार. शनिवार-रविवारला जोडून असा सोमवार मिळाल्यावर महाबळेश्वरला जायचं नाही, हा त्या सोमवारचा अपमानच.

जगाची खबर मात्र ठेवायलाच हवी. त्यासाठी पेपर उघडायची गरज नाही. टेलिग्रामवर चालू घडामोडींची पीडीएफ येते आणि बाकीचं शहाणपण रीलमधून मिळतं. 2024च्या अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत पेनसिल्व्हेनिया राज्याची 19 इलेक्टोरल मतं होती, हे तुम्ही झोपेतही सांगाल. आपला प्रभाग क्रमांक कुणी विचारला तर ‘पिनकोड सांगू का?’ म्हणा. आणि व्हॉट्सॲपवर काही आलं की ‘जसं आलं तसं पुढे’ एवढं लिहून ढकला. त्या चार शब्दांनी सगळी जबाबदारी झटकता येते, वर देशसेवाही होते.

पुणे महापालिका 2006पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. आपल्या भागातलं पाच लाखांपर्यंतचं काम सुचवायचं, एक अर्ज भरायचा. हा अर्ज आजोबा लोक भरतात, त्यांना भरू द्या. त्यांनी बाक मागितला, बाक आला. तुम्ही काहीच मागितलं नाही आणि तेही अगदी मागितल्याप्रमाणे मिळालं.

एका बाबतीत मात्र तुमची कानउघाडणी करायलाच हवी. ऑगस्ट 2024मध्ये तुम्ही नवी पेठेत शास्त्री रस्त्यावर ठाण मांडलंत. 25 तारखेला राज्य लोकसेवा आयोगाची राज्यसेवा पूर्वपरीक्षा आणि त्याच दिवशी बँकेची परीक्षा. एक माणूस दोन केंद्रांवर बसणार कसा, हा तुमचा प्रश्न. शिवाय कृषी विभागाची पदंही राज्यसेवेत घ्या, अशी मागणी. पावसापाण्यात रात्रीही रस्त्यावरच. आणि आयोगानं परीक्षा पुढे ढकलली की हो! हा अनुभव फार घातक आहे. एकत्र बसून नेमकी मागणी लावून धरली तर यंत्रणा हलते, असा गैरसमज यातून पसरू शकतो. उद्या हेच तुम्ही बोळातल्या दिव्यासाठी कराल, परवा गावच्या शाळेसाठी. तेव्हा तो आठवडा विसरा. तो तुमच्या परीक्षेचा प्रश्न होता, म्हणून माफ.

गावी गेलात की जपून. 1 मे किंवा 15 ऑगस्टला घरी असाल तर ग्रामसभा हमखास आडवी येते. त्या वेळी पारावर बसून ग्रामसभेवरचा व्हिडिओ बघावा, शक्यतो हेडफोन लावून, म्हणजे शेजारी सुरू असलेल्या ग्रामसभेचा व्यत्यय येत नाही. गणपूर्तीची चिंता तुम्ही करू नका. 15 टक्के मतदार किंवा 100, यातले जे कमी असतील तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. कायद्यानं तुमची गैरहजेरी आधीच धरून ठेवली आहे. इतका विचार तर तुमच्या मेसवाल्या मावशीही करत नाहीत.

राहता राहिली मुलाखत. तिथे ‘तुमच्या गावातली एक समस्या सांगा’ असं विचारतात. ‘लोकसहभागाचा अभाव’ हे उत्तर घोटून ठेवा, सोबत पंचायत राज सुचवणारी बलवंतराय मेहता समिती, 1957. त्यावर एखाद्या खवचट सदस्यानं ‘मग तुम्ही काय केलंत?’ असं विचारलं, तर टॉपरचे मॉक इंटरव्ह्यू यूट्यूबवर आहेतच. दुप्पट वेगानं बघा. पोरगं गप्प बसतं तो भाग लवकर सरतो.