मोजू द्या की त्यांना!

आज नाशिकच्या कॉलेज रोडला चहाला बसलो होतो. विषय निघाला पिसाचा, म्हणजे पॅरिसची ओईसीडी ही संस्था देशोदेशीच्या १५ वर्षांच्या मुलांची घेते ती चाचणी. एक जुना मित्र म्हणे, "पिसा-बिसा सगळी परक्यांची ढवळाढवळ आहे. आपण सार्वभौम देश, आपल्या पोरांना पॅरिसवाल्यांनी का मोजायचं?" आणि ह्याचा मुलगा कुठे? गंगापूर रोडच्या इंटरनॅशनल शाळेत. पेपर काढणार इंग्लंडचं केंब्रिज बोर्ड, तपासणार केंब्रिज, फी भरणार हा. तिथे नाही सार्वभौमत्वाला धक्का लागत. झेडपीची पोरं मोजायला निघालं की लगेच लागतो.

माझे काका पिंपळगावचे द्राक्षवाले. २०१० मध्ये युरोपने आपली द्राक्षं अडवली होती, आठवतंय ना? सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखायला फवारतात त्या रसायनाचा, रेसिड्यू (उरलेला अंश) सापडला म्हणून. काकांचाही माल अडकला. शिव्या दिल्याच त्यांनी, पोटभर. पण 'आमची द्राक्षं तपासूच नका' असं नाही म्हणाले. पुढच्या खरड छाटणीला फवारणीची वही घेऊन बसले.

आणि पोरांच्या तपासणीत सरकारने काय केलं? पिसाच्या २००९ च्या फेरीत हिमाचल आणि तमिळनाडूची १५ वर्षांची मुलं बसवली. ७४ देश-प्रदेशांत तमिळनाडू ७२ वा, हिमाचल ७३ वा. लगेच, प्रश्नच आपल्या संस्कृतीला धरून नव्हते म्हणे! २०१२, २०१५, २०१८, तिन्ही वेळा गैरहजर. मग कसेबसे तयार झालो, तेही केंद्रीय विद्यालयं, नवोदय आणि चंदीगड पुढे करून. पेटीत वरच्या थराला निवडक घड! कोविड आला आणि तेही बारगळलं.

हो, प्रश्न परके असतात, मान्य. काकाही म्हणायचे, सीसीसी आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं, आम्हाला कुणी सांगितलं होतं? खरंच होतं त्यांचं. पण यादीत नव्हतं म्हणून द्राक्षात नव्हतं का?

आणि कमेंटमध्ये उगाच तलवारी उपसू नका, बालभारती बंद करा असं मी म्हणत नाहीये. काय शिकवायचं ते आपणच ठरवायचं. काकांनी बाग कुठे युरोपला लिहून दिली? माती त्यांची, वाण त्यांनी निवडलेला. तपासणी तेवढी दुसऱ्याची.

खरं सांगू, राग मित्राचा नाहीच. मागे पेठ तालुक्यातल्या, आपल्या आदिवासी भागातल्या, एका आश्रमशाळेत गेलो होतो. नववीतली मुलगी धडा वाचून दाखवत होती, घडाघडा, कुठे अडखळणं नाही. मी विचारलं, "ह्यात काय सांगितलंय गं?" ती बाईंकडे बघायला लागली. बाई माझ्याकडे. पिसा हेच तर बघतं, वाचलेलं कळलं का, वापरता येतं का. हुशार होती हो पोरगी, डोळ्यांत दिसत होतं. प्रगतिपुस्तकातही सगळं छानच असणार. तिच्या बापाला कोण सांगणार?

पुढची फेरी येईल तेव्हा नवोदय पुढे करू नका. चिठ्ठीत निघतील त्या शाळा बसवा, पेठ-सुरगाणा निघालं तर तेही. पेपर मराठीतून मागून घ्या. आणि पुन्हा ७३ वा नंबर आला तर पळू नका.