मानेची शीर चपटी दिसली म्हणजे एमएसचं कारण सापडलं, असं नाही

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या मेंदूला आणि मज्जारज्जूला इजा करणाऱ्या आजाराचे रुग्ण असलेल्या घरांत एक जुना दावा अजून फिरतो: मानेच्या शिरा अरुंद झाल्याने हा आजार होतो, सोनोग्राफीत ते दिसतं, आणि फुग्याने शीर रुंद केली की रुग्ण सुधारतो. इटलीतल्या फेरारा इथले डॉ. पाओलो झांबोनी यांनी २००९ मध्ये ही कल्पना मांडली.

‘सोनोग्राफीत शीर दबलेली स्पष्ट दिसते.’

दिसते, पण माणूस कसा होता तेव्हा? झोपलेला की बसलेला? आडवं असताना मेंदूतलं बरंचसं रक्त मानेतल्या मोठ्या जुग्युलर शिरांतून उतरतं, म्हणून त्या फुगलेल्या असतात. उठून बसलं की मान हृदयाच्या वर जाते, शिरेतला दाब घटतो आणि तिच्या पातळ भिंती मिटतात. रक्त मग मणक्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून वाट काढतं. निरोगी माणसातही हेच घडतं. मान वळवा, खोल श्वास घ्या, श्वास कोंडून कुंथा, आकार दर वेळी बदलतो. शरीरात पाणी कमी असेल तर शीर बारीक दिसते. बहुतेकांची उजवी शीर डावीपेक्षा मोठी असते. तपासणाऱ्याने प्रोब, म्हणजे मानेवर फिरवायचं सोनोग्राफीचं उपकरण, जरा जोरात टेकवला, तर चांगली शीरही बंद दिसते! शिरांत अडथळा आहे हे ठरवायच्या झांबोनींच्या पाच निकषांपैकी एक तर झोपून आणि बसून घेतलेल्या मापांच्या फरकावरच बेतलेला होता. डोकं कुठे वळलं होतं, टेबल किती कोनात होतं, हे रिपोर्टमध्ये नसेल, तर त्यातल्या ‘अरुंद’ला माझ्या लेखी काही किंमत नाही.

‘एमएसच्या रुग्णांतच असं सापडतं.’

कॅनडातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये रुग्ण, त्यांची भावंडं आणि नात्याबाहेरचे निरोगी लोक यांची तुलना केली. निम्म्याहून जास्त अरुंद झालेली शीर अनुक्रमे ७४, ६६ आणि ७० टक्के लोकांत सापडली.

‘फुगा घातल्यावर आमच्या ओळखीच्यांना फरक पडला.’

एमएसच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात त्रास उफाळतो आणि पुष्कळदा आपोआप ओसरतो. म्हणूनच काही जणांवर खरी आणि काही जणांवर नुसती दिखाव्याची प्रक्रिया करून, कोणाला कोणती झाली हे न सांगता, तुलना करावी लागते. ती झांबोनींनी स्वतःच केली. २०१७ मध्ये त्यांच्याच गटाने निकाल छापला: फायदा दिसला नाही, हा उपचार सुचवता येणार नाही. आपलीच कल्पना अशी कसोटीला लावणं मला मोलाचं वाटतं. दावा पुढे पाठवणारे मात्र २००९ वरच थांबले आहेत.

‘करून बघायला काय हरकत आहे?’

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये या प्रक्रियेनंतरचे मृत्यू, पक्षाघात आणि जागेवरून सरकलेले स्टेंट (शीर उघडी ठेवायला आत बसवलेल्या जाळीच्या नळ्या) यांबद्दल इशारा दिला होता. त्या काळात भारतातल्या काही रुग्णालयांनीही परदेशी रुग्णांना हा उपचार विकला. एमएस आटोक्यात ठेवणारी औषधं आज आहेत, आणि ती लवकर सुरू करावी लागतात. शिरेच्या मागे लागून महिने गेले, तर तेवढ्या काळात मेंदूत आणि मज्जारज्जूत झालेली इजा पुष्कळदा भरून येत नाही.