आर्टिकलशिपला फर्म निवडताना

सीए इंटरचा, म्हणजे मधल्या परीक्षेचा निकाल लागला आणि आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी शोधायची वेळ आली की पुढच्या आठ-दहा दिवसांत माझ्या इनबॉक्समध्ये तोच प्रश्न येतो. "ताई, बिग फोरला ट्राय करू की एखाद्या छोट्या फर्ममध्ये जाऊ?" (बिग फोर म्हणजे जगातल्या चार सर्वांत मोठ्या अकाउंटिंग फर्म.) कुणी लातूरहून विचारतं, कुणी संगमनेरहून. बहुतेकांच्या घरात सीए सोडाच, ऑफिसात नोकरी करणारंही कुणी नसतं. मीसुद्धा बार्शीहून अशीच आले होते. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

फर्म किती मोठी आहे ते नंतर बघा. आधी बघा, तुम्ही केलेलं काम तिथे कुणी पुन्हा उघडून बघतं का.

मी २०१४ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेतल्या एका फर्ममध्ये लागले. दोन पार्टनर, एक अकाउंटंट काका आणि आम्ही सात आर्टिकल, म्हणजे उमेदवारी करणारी मुलं. पहिल्या वर्षाचं स्टायपेंड महिना १,००० रुपये. पुण्यासारख्या शहरासाठी तेव्हा नियमातला किमान आकडाच तेवढा होता. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहायचे. त्या हजारात कॉटचं भाडंसुद्धा निघायचं नाही. मेसचे पैसे वडील पाठवायचे, आणि दर महिन्याला ते मागताना जीव कसनुसा व्हायचा.

पहिलं ऑडिट एका बांधकाम व्यावसायिकाचं होतं. सिंहगड रोडला त्यांचं पत्र्याचं साइट ऑफिस. टेबलावर व्हाउचरच्या जाड बॉक्स फाइली, प्रत्येक कागदावर सिमेंटची बारीक धूळ. मला हिरवं पेन दिलं आणि व्हाउचिंगला बसवलं. सही आहे का, रेव्हेन्यू तिकीट आहे का, रक्कम कॅशबुकाशी जुळते का. तिन्ही असलं की टिक. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी तीन महिन्यांची व्हाउचरं उरकली होती आणि मनातून खूश होते.

संध्याकाळी आमची सीनियर आली. शेवटच्या वर्षाची आर्टिकल, आम्ही सगळे तिला ताईच म्हणायचो. तिने सप्टेंबरची फाइल उघडली, दहा मिनिटं शांतपणे पानं उलटली आणि म्हणाली, "ही चार व्हाउचरं बाहेर काढ आणि शेजारी शेजारी लाव."

नंबर ४१२ ते ४१५. चारही एकाच सेंटरिंगवाल्याची, प्रत्येकी १९,५०० रुपये रोख. तारखा १७, १८, १९ आणि २० सप्टेंबर २०१३. चारहींवर माझी हिरवी टिक.

"आता ४१६ बघ."

४१६ चहापाण्याचं होतं. तारीख १७ सप्टेंबर.

मला तरीही कळेना. मग तिने विचारलं, "वीस तारखेचं व्हाउचर ४१५ नंबरचं, आणि त्याच्या पुढचं सतरा तारखेचं कसं गं? आणि अठराला काय होतं आठवतंय? अनंत चतुर्दशी. त्या दिवशी साइटवर होतं कोण पैसे घ्यायला?"

एकाच दिवशी एका माणसाला दिलेले ७८,००० रुपये चार दिवसांवर वाटले होते. एका दिवसात एका व्यक्तीला २०,००० च्या वर रोखीने दिलं, तर तो खर्च तेव्हा आयकरात धरला जात नसे (आता ही मर्यादा १०,००० आहे). शिवाय वर्षभरात त्याला दिलेली रक्कम ७५,००० च्या पुढे गेली म्हणून एक टक्का टीडीएस कापायला हवा होता, तोही कापलेला नव्हता. दोन्ही कलमं मी आयपीसीसीला (तेव्हाच्या इंटरला) पाठ केली होती, पेपरात लिहून मार्कही मिळवले होते. पण समोरच्या कागदात ती मला दिसली नाहीत.

ताई रागावली नाही. पाऊण तास माझ्याजवळ बसली आणि निघताना म्हणाली, "उद्या पहिल्या पानापासून पुन्हा कर. आता एकेक कागद बघू नकोस, मागचा-पुढचा धरून बघ." पुढे सरांनी मालकांना बोलावून घेतलं आणि ती रक्कम ३सीडी या कर-ऑडिटच्या फॉर्ममध्ये दाखवली गेली. आज दहा-अकरा वर्षांनी मी कुठलीही लेजर उघडली तरी आधी नंबर आणि तारखा एकमेकांशी चालतात का ते बघते. तो पाऊण तास नसता मिळाला, तर मी तीन वर्षं नुसत्या टिक मारत राहिले असते.

माझी रूममेट एका नामांकित मोठ्या फर्ममध्ये होती. लॅपटॉप, एसी, माझ्या कितीतरी पट स्टायपेंड. दीड वर्ष तिच्याकडे एकाच क्लायंटच्या स्थिर मालमत्तेचं (फिक्स्ड ॲसेट) रजिस्टर होतं. तिचं वाईट झालं असं मी अजिबात म्हणणार नाही. मोठ्या कंपनीचं ऑडिट कसं उभं राहतं, वर्किंग पेपर कसे लिहायचे, हे ती माझ्याआधी शिकली, आणि तिचा मॅनेजर प्रत्येक ओळीवर शेरा लिहायचा. म्हणूनच ती घडली. दुसरी एक मैत्रीण माझ्यासारखीच छोट्या ऑफिसात होती. तिथे सर आठवड्यातून एकदा यायचे, कामाकडे कुणी बघायचं नाही, आणि तिने फर्म बदलायचं म्हटल्यावर १०९ नंबरच्या फॉर्मवर सही करायला चार महिने तिला झुलवलं. तेव्हा छोटी फर्म म्हणजे आपोआप चांगली, असंही समजू नका.

कोरं राहण्याची भीती आता जास्त आहे. १ जुलै २०२३ पासून आर्टिकलशिप तीन वर्षांची दोनच वर्षांची झाली. आम्हाला जीएसटीच्या आधीच्या व्हॅट ऑडिटचा ७०४ नंबरचा फॉर्म भरताना, त्यातली जे-१ जे-२ ही विक्री-खरेदीची परिशिष्टं जुळवताना, येरवड्याच्या विक्रीकर भवनात काउंटरपुढे उभं राहताना चुकायला वेळ होता. तुम्हाला ३१ मार्चच्या दोन वर्षअखेरी आणि सप्टेंबरचे दोन ऑडिट सीझन मिळणार. त्यातला एक सीझन डेटा एंट्रीत गेला तर निम्मं शिक्षण गेलं.

मुलाखतीला जाल तेव्हा पार्टनरला काय विचारायचं ते विचारा, पण खाली उतरल्यावर तिथल्या आर्टिकलना चहाच्या टपरीवर गाठा. त्यांना विचारा, तुझी फाइल शेवटची कुणी आणि कधी तपासली? एवढ्या एका उत्तरात सगळं कळतं. नुसतं हसून विषय बदलला तर समजून घ्या.

आणि कुणी "यायची गरज नाही, नाव लावून ठेवतो" म्हणालं तर तिथूनच परत फिरा. अशी नावापुरती, म्हणजे डमी आर्टिकलशिप करणारी मुलं मी जवळून पाहिली आहेत. फायनल पासही होतात. मग पहिल्या नोकरीत कुणी बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट वहीशी जुळवायचं काम) पुढे ठेवलं की तोंड कोरडं पडतं.

आता माझ्याच क्षेत्रातल्या मोठ्यांशी थोडं. नियमाप्रमाणे आर्टिकलचे आठवड्याचे ३५ तास. सीझनला जास्त बसावं लागतं हे मलाही कळतं, मीही बसवते. पण २०२४ च्या जुलैत याच पुण्यात, नोकरीला लागून चारच महिने झालेली एक तरुण सीए गेली, आणि तिच्या आईने कामाच्या ओझ्याबद्दल लिहिलेलं पत्र आपण सगळ्यांनी वाचलं. त्यानंतरही रात्री साडेअकराला आर्टिकलला "उद्या सकाळपर्यंत हवंय" असा मेसेज टाकायचा असेल, तर आपण काय वाचलं? स्टायपेंडचंही तसंच. नियमातला किमान आकडा देऊन मोकळं झालं की बार्शी-परळीच्या हुशार मुलीचा पुण्यातला मुक्काम तिच्या बापाच्या खिशावर ठरतो. ज्यांचा खिसा पुरत नाही त्या मुली मुलाखतीलाही येत नाहीत, आणि आपण म्हणतो चांगले आर्टिकल मिळत नाहीत. माझं ऑफिस छोटं आहे, तरी मी कॉट आणि मेस निघेल एवढं देते. जमतं.

गेल्या महिन्यात परळीचीच एक मुलगी लागली. पहिल्या दिवशी तिला खरेदीची फाइल दिली. चौथ्या दिवशी ती दारात उभी, हातात दोन कागद. "मॅडम, बिल ३१ मार्चचं आहे, पण मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल ४ एप्रिलला निघालंय. मग ३१ तारखेच्या स्टॉकमध्ये हा माल मोजला कसा?"

मी हातातलं रिटर्न बाजूला ठेवलं आणि तिला खुर्ची ओढून घ्यायला सांगितली. स्टॉकचं स्टेटमेंट काढलं, ट्रान्सपोर्टची पावती शोधली. आणखी दोन बिलं तशीच निघाली. क्लायंटला मेल गेलाय, उत्तर अजून यायचंय.